उमेदवार पाळक आणि मोठ्या बाईंचा केक

“गोड खातो का पण तो?” घड्याळजींच्या बायकोने ओव्हनमध्ये डोकावत विचारलं.

“कोण?”

“कोण म्हणजे? उमेदवार! आज घरोघरी भेटायला येणार ना? मी केक केलाय.”

घड्याळजींनी बिनसाखरेच्या चहाचा घोट कसाबसा गिळला. “केक? अगं, लेंट चाललाय! चर्चच्या अख्ख्या मंडळीने हात वर करून शब्द दिलाय.”

“शब्द आपण दिलाय. त्याने कुठे दिलाय? पाहुण्याला नियम नाही.”

घड्याळजींना आज वाद घालायची ताकद नव्हती. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

त्याचं असं होतं. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, या मंडळीतला जो तो आवडीची एखादी गोष्ट सोडत असे. सोडताना मात्र लोक भारी हुशारी करत. बेकरीवाल्यांनी एका वर्षी व्यायाम सोडला होता. घड्याळजींच्या बायकोने रागावणं सोडलं होतं, ते दुपारच्या जेवणापर्यंत टिकलं. म्हणून यंदा लेंटच्या तोंडावर म्हातारे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, निवृत्त झाले तेव्हा शेवटच्या उपासनेत म्हणाले, “या वेळी सगळे मिळून एकच काहीतरी सोडा. म्हणजे एकमेकांवर लक्ष राहील.” निरोपाचा दिवस, सगळ्यांचे डोळे भरलेले. त्या भरात सगळ्यांनी हात वर केले आणि गोड सोडलं. दुसऱ्या दिवशी डोळे कोरडे झाले, पण आता बोलून काय उपयोग! घरोघरचे साखरेचे डबे नजरेआड म्हणून कपाटांवर गेले आणि खाली माणसं एकमेकांवर खेकसायला लागली.

तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण मंडळीला नवा पाळक मिळत नव्हता. इथली जुनी रीत अशी, की पाळक निवडायचा तो एकमताने. एक हात जरी खाली राहिला तरी उमेदवाराला नमस्कार करून परत पाठवायचं. आणि एक हात कायम खाली राहायचा, तो मोठ्या बाईंचा. मोठ्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका आणि चर्चच्या ‘वडील’, म्हणजे कारभार बघणाऱ्या ज्येष्ठ. चर्चमधल्या निम्म्या लोकांना त्यांनी लहानपणी कोपऱ्यात उभं केलेलं. पहिला उमेदवार त्यांनी नाकारला, कारण तो व्यासपीठावर शिंकला आणि त्याच्याकडे रुमाल नव्हता. दुसरा स्वतःच्याच विनोदावर आधी हसला म्हणून गेला.

शेवटी आसपासच्या मंडळ्यांची जी वरची सभा असते, तिने निरोप धाडला. ईस्टरपर्यंत पाळक नेमा, नाहीतर तुमची मंडळी पुलापलीकडच्या मंडळीत घालू आणि इमारतीला कुलूप लावू. घड्याळजी मंडळीचे चिटणीस. त्यांचा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झाला, लग्न इथेच झालं, आईला शेवटचं इथूनच नेलं. मनोऱ्यावरच्या घड्याळाला गेली कित्येक वर्षं तेच चावी देत आले होते. ते घड्याळ थांबणार या विचारानेच त्यांची झोप उडाली होती. त्यात पाळक नसल्यामुळे उपदेश वाचायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलेलं. ते वाचायला लागले की पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत माना पडत जायच्या.

आजचा उमेदवार तिसरा आणि शेवटचा. आज घरभेटी, उद्या त्याचा उपदेश, त्यानंतर मतदान.

बेल वाजली. दारात एक लांब मानेचा किडकिडीत तरुण, हातात पिशवी. घड्याळजींनी पहिल्यांदा त्याच्या खिशात रुमाल आहे का ते पाहिलं. होता. घड्याळजींच्या जिवात जीव आला.

बायकोने केकचा हा भला मोठा तुकडा समोर ठेवला. उमेदवाराने तो पाहिला आणि जरा घुटमळला. “अहो, खरं सांगायचं तर—”

“संकोच करू नका हो,” घड्याळजी घाईने म्हणाले. “नाही म्हटलंत तर हिच्या मनाला लागेल.”

उमेदवाराने एकदा घड्याळजींच्या बायकोच्या हातातल्या मोठ्या सुरीकडे पाहिलं आणि खायला सुरुवात केली. नवरा-बायको समोर बसून त्याच्या प्रत्येक घासाबरोबर आवंढा गिळत होते.

“साखर बरोबर आहे ना?” बायकोने विचारलं. “चाखून नाही बघितला. शब्द दिलाय ना!”

“अगदी बरोबर आहे,” तो क्षीण आवाजात म्हणाला.

त्याची पाठ वळते न वळते तोच बायको फोनकडे धावली. “अहो नर्सबाई, खातो बरं का! पुसून खाल्ला!”

झालं! जिभेला हाड नसतं म्हणतात, फोनला तर तेवढीही अडचण नसते. बातमी उमेदवाराच्या पुढे पुढे धावत सुटली. इतके दिवस ज्यांनी केक नुसता स्वप्नात पाहिला होता, त्या सगळ्यांनी कपाटांवरचे डबे खाली काढले. स्वतःला खायचा नाही, निदान कुणाला तरी खाताना तर बघू! नर्सबाईंनी दोन थरांचा केला आणि मध्ये जॅम भरला. बेकरीवाल्यांनी तर उमेदवाराला भट्टीजवळच बसवलं आणि समोर सगळा माल मांडला.

“तुम्ही खा साहेब, आणि मला फक्त सांगा,” बेकरीवाले डोळे मिटून म्हणाले. “कसं लागतंय ते सावकाश सांगा. घाई करू नका.”

“गोड लागतंय.”

“हो, पण किती? कसं? जिभेवर आधी काय येतं?”

बिचारा खात होता आणि वर्णन करत होता. बाहेर पडला तेव्हा त्याचा चेहरा मेणबत्तीसारखा पांढरा झाला होता.

संध्याकाळ झाली आणि वारं फिरलं. नर्सबाईंचा फोन आला. “ऐकलंत का? बेकरीवाल्यांकडे ट्रेभर खाल्लं म्हणे त्याने! लेंटमध्ये पाळकाने एवढं खावं? शोभतं का?”

“अहो, पण तुमच्याकडे वाढलं तुम्हीच ना?” घड्याळजींची बायको म्हणाली.

“वाढणं आपलं काम. नाही म्हणणं त्याचं काम!”

घड्याळजींच्या तोंडचं पाणी पळालं. पाठोपाठ दुसरा फोन आला, तो खुद्द मोठ्या बाईंचा. तो आवाज ऐकल्यावर घड्याळजी नेहमीच्या सवयीने उभे राहिले.

“उमेदवार खादाड आहे म्हणे.”

“नाही बाई, तसं काही—”

“मीही केक केलाय. त्याच्यापुढे ठेवणार आहे. पाळक असेल तर नाही म्हणेल, खादाड असेल तर खाईल. तुम्ही या साक्षीला.”

घड्याळजी चपला घालून पळतच सुटले. बाईंच्या जिन्याखाली त्यांनी उमेदवाराला गाठलं आणि त्याची बाहीच पकडली.

“हे बघा, वर केक आहे. नाही म्हणायचं.”

उमेदवाराचा चेहरा उजळला. “खरंच? चालेल?”

“चालेल काय, चालायलाच हवं! काही झालं तरी खायचा नाही. बाईंचा हात खाली राहिला की आमचं चर्च गेलं. कळलं?”

“कळलं! देव तुमचं भलं करो,” तो म्हणाला आणि उड्या मारत जिना चढला.

बाईंच्या टेबलावर इस्त्रीचा पांढरा टेबलक्लॉथ होता आणि मधोमध केक. एका बाजूने बसलेला, दुसऱ्या बाजूने किंचित करपलेला. बाई ताठ बसल्या होत्या. “घ्या,” त्या म्हणाल्या, परीक्षेचा पेपर वाटावा तशा आवाजात.

उमेदवाराने नाही म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात बाई ताटलीकडे बघत, जरा हळू आवाजात म्हणाल्या, “चांगला झालाय की नाही, मला ठाऊक नाही. केक माझी धाकटी बहीण करायची. ती गेल्यापासून या घरात ओव्हन लागलाच नव्हता.” त्यांच्या बोटाला ताजा चटका बसलेला होता. तो त्यांनी पदराखाली लपवला.

उमेदवाराने उघडलेलं तोंड मिटलं. “एक तुकडा द्या, बाई,” तो म्हणाला.

घड्याळजींनी टेबलाखालून त्याचा पाय जोरात दाबला. त्याने पाय बाजूला घेतला आणि पहिला घास तोंडात टाकला. त्याचा जबडा थांबला. डोळे मिटले. मग त्याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की घड्याळजी बघतच राहिले. त्याने तो तुकडा संपवला, आणखी एक मागितला, मग आणखी एक. चौथा तर त्याने स्वतःच कापून घेतला!

“कसा झालाय?” बाईंनी कोरडेपणाने विचारलं.

“असा केक मी आयुष्यात खाल्ला नाही,” तो मनापासून म्हणाला.

बाईंनी ओठ घट्ट आवळले. ते ओठ असे आवळले की पुढे काय होतं, हे घड्याळजींना शाळेपासून माहीत होतं. घरी येऊन ते खुर्चीत कोसळले. “संपलं सगळं,” ते बायकोला म्हणाले, आणि तिच्यासमोर चक्क रडले. बायकोने त्या रात्री त्यांना एका शब्दाने टोचलं नाही, यावरूनच प्रकरण किती गंभीर होतं ते समजा.

रविवारी उमेदवाराचा उपदेश बरा झाला. छोटा होता, शिंक नव्हती, आणि मुख्य म्हणजे सगळे जागे होते. पण उपासनेनंतर त्याला मागच्या खोलीत बसवलं आणि इकडे कुजबुज सुरू झाली. “उपवासावर बोलला, पण काल किती हाणलं विचारा!” “आमच्याकडे तर जॅम चाटून खाल्ला!” जो तो आपण किती वाढलं ते विसरून त्याने किती खाल्लं ते सांगत होता. घड्याळजींनी मतदान जाहीर केलं. एकही हात वर झाला नाही. सगळे मोठ्या बाईंकडे बघत होते.

बाई उठून उभ्या राहिल्या. सवयीने अर्धं चर्च ताठ बसलं.

“काल हा माणूस माझ्याकडे केकचे चार तुकडे खाऊन गेला,” त्या म्हणाल्या. “मी ठरवलं होतं, याला घरी पाठवायचं. उरलेला केक मी शेजाऱ्यांच्या कुत्र्याला घातला. ते कुत्रं चपला खातं. त्याने केक तोंडात घेतला, बाहेर टाकला आणि माझ्याकडे असं बघितलं, की मला शंका आली. मी कणभर जिभेला लावून पाहिलं.”

बेकरीवाले बाकावरून पुढे झुकले.

“नुसतं मीठ! साखरेचा डबा मी लेंटपायी कपाटावर ठेवला, त्याच्या जागी मिठाचा आला. हात सवयीने तिथेच गेला आणि उपवास म्हणून मी चाखून बघितलं नाही. या माणसाने म्हाताऱ्या बाईला वाईट वाटू नये म्हणून ते गिळलं. तोंड वाकडं केलं नाही. घोटभर पाणीसुद्धा मागितलं नाही.” बाईंनी पदर सावरला. “ज्याने माझं एवढं मीठ खाल्लंय, तो मिठाला जागेल. माझं मत याला.”

आणि बाईंचा हात वर गेला. मग काय विचारता! बेकरीवाल्यांनी तर दोन्ही हात वर केले. घड्याळजींना आकडा मोजायचा होता, पण डोळ्यांसमोर सगळं धूसर झालं होतं. त्यांची बायको शेजारून ओरडली, “एकमत! लिहा की, बघताय काय!”

घड्याळजी धावतच मागच्या खोलीत गेले आणि त्यांनी नव्या पाळकांना मिठीच मारली. “साहेब, धन्य आहे तुमची! कसं हो गिळलंत ते मीठ?”

“गिळलं?” पाळक चकित होऊन म्हणाले. “अहो, तुमच्यासारखंच मीही यंदा लेंटमध्ये गोड सोडलंय. काल दर घरी सांगायला गेलो, पण बोलू कोण देतंय! समोरच्याचं मन मोडवेना, आपला मोडला उपवास. बाईंच्या केकचा घास घेतला आणि वाटलं, देवाने डोळे उघडले. दिवसभरात उपवासाला चालेल असं तेवढं एकच मिळालं. म्हणून पोटभर खाऊन घेतला.”

घड्याळजी हसायला लागले आणि हसता हसता एकदम थांबले. दारात मोठ्या बाई उभ्या होत्या. अभिनंदन करायला आल्या होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. घड्याळजींना मनोऱ्यावरचं घड्याळ थांबल्याचा भास झाला.

“म्हणजे माझं मन राखायला खाल्ला नाहीत तर,” बाई म्हणाल्या.

पाळक उठून उभे राहिले. “पहिला घास तुमच्यासाठी होता, बाई. बाकीचं सगळं माझ्यासाठी.”

बाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग त्यांचे आवळलेले ओठ सुटले आणि त्या हसल्या. घड्याळजींनी त्यांना हसताना आजवर पाहिलंच नव्हतं, त्यामुळे आधी त्यांना वाटलं की बाईंना चक्कर येतेय.

“खरं बोललात, बरं केलंत,” बाई म्हणाल्या. “मत दिलंय, ते परत घेत नाही मी. आणि तुमच्या उपवासाची काळजी सोडा. ईस्टरपर्यंत दर शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे यायचं. मी तुमच्यासाठी तस्साच केक करत जाईन.”

पाळकांनी सुटकेच्या आशेने घड्याळजींकडे पाहिलं.

“नाही म्हणू नका हो, साहेब,” घड्याळजी घाईघाईने म्हणाले. “त्यांच्या मनाला लागेल.”