ढोरे नाझरांची जहाजं

नमस्कार-चमत्काराच्या भानगडीत ढोरे नाझर कधी पडले नाहीत. ओळखीचा असो की अनोळखी, माणूस समोर आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला.

"घरी काय जायता?"

आमच्या वऱ्हाडात 'ळ'चा 'य' होतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया आणि जाळता म्हणजे जायता. तुमच्या चुलीत सरपण कोणतं, एवढंच त्यांना विचारायचं असे. पण आमच्या शाळेत पुण्याहून नवे हेडमास्तर आले, त्यांना हे कसं कळावं? मी त्यांना उतरवून घ्यायला अकोला स्टेशनवर गेलो होतो. नाझर तिथं मालगाडीला लागलेल्या तेलाच्या टाक्या बघत उभे होते. हेडमास्तरांनी फलाटावर पाय ठेवला न ठेवला तोच नाझर पुढे झाले.

"काय जायता?"

"अहो, आत्ताच तर आलो!" हेडमास्तर दचकून म्हणाले आणि त्यांनी ट्रंक घट्ट धरली. या गावात आपली डाळ शिजणार नाही, असं त्यांना त्याच क्षणी वाटलं असावं.

नाझरांचं पूर्ण नाव गुलाबराव ढोरे. तहसील कचेरीत नाझर म्हणून, म्हणजे पैशाअडक्याचा आणि सामानसुमानाचा हिशेब सांभाळत, आयुष्य काढून ते निवृत्त झाले होते. धोतर, बंद गळ्याचा कोट, डोक्यावर काळी टोपी आणि मिशा अशा की उन्हाळ्यात त्यांनाच जास्त घाम येत असेल. मी अमरावतीचा. अकोल्याला मास्तर म्हणून लागलो आणि योगायोगानं नाझरांच्या शेजारचं घर भाड्यानं मिळालं. सामान उतरवून होण्याआधीच ते मागच्या दारानं थेट आमच्या स्वयंपाकघरात शिरले. माझी बायको स्टोव्हला पंप मारत होती. नाझर त्या स्टोव्हकडे असे पाहत राहिले, की जणू कोनाड्यात साप निघाला आहे.

"मास्तर, तुमी त शिकलेले माणसं. तुमी जहाजाचे गुलाम काहून झाले?"

मला काही उमगेना. मग त्यांनी जमिनीवर बसकण मारून आम्हा दोघांना समजावलं. हे घासलेट येतं कुठून? परमुलखातून. आणतं कोण? परदेशी कंपनी. कशातून? जहाजातून. "आन उद्या जहाज अडलं त?"

हा त्यांचा दुसरा प्रश्न. याला आजवर कोणी उत्तर दिलेलं नव्हतं, कारण उत्तर द्यायला ते कोणाला वेळच देत नसत. "जहाज अडलं त सूनबाई कायच्यावर चहा ठेवन?" असं म्हणून ते उठले आणि चहा मात्र त्याच स्टोव्हवरचा पिऊन गेले.

सगळ्या अकोल्याची त्यांनी चुलीवरून वाटणी केली होती. पऱ्हाटी म्हणजे कपाशीची वाळकी झाडं आणि तुराट्या जाळणारे ते स्वतंत्र. दगडी कोळसा जाळणारे, कोळसा आपल्याच देशातला म्हणून, अर्धे स्वतंत्र. आणि स्टोव्हवाले गुलाम. गल्लीतल्या एका पोरीचं लग्न जमवायला त्यांना वडीलधारे म्हणून तिवस्याला नेलं, तर मुलाचा पगार विचारायचं सोडून ते मुलाच्या घरची चूल पाहून आले. "स्थळ चांगलं हाये. पऱ्हाटी जायतात," एवढाच त्यांचा अहवाल. लग्न झालं. पोरगी धुरानं खोकत खोकत संसार करू लागली आणि माहेरी आली की नाझरांच्या घरासमोरून मुद्दाम न बोलता जायची.

स्वतःच्या घरी घासलेटचा थेंब आणायचा नाही, असा त्यांचा नेम. कंदिलाऐवजी जवसाच्या तेलाचे दिवे. त्या उजेडात समोरचा माणूस पुरुष आहे की बाई, एवढंच कळे. त्यांच्या पत्नी राधाकाकू म्हणजे अतिशय शांत बाई. "आमच्याकडे आलात तर आधी खोकायचं," असं त्यांनी माझ्या बायकोला सांगून ठेवलं होतं. "म्हणजे कुठं बसलात ते समजते."

मग छप्पन साल आलं. आम्ही अकोलेकर मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात येऊन पडलो होतो. कचेरीवरच्या पाट्या बदलायच्या की पुसून पुन्हा लिहायच्या, यावर वाद चालू होते. आणि त्याच सुमारास तिकडे सुएझचा कालवा बंद पडला. लढाई झाली, जहाजं बुडवली गेली, वाट अडली.

खरंच जहाज अडलं!

नाझरांना पंख फुटायचे तेवढे बाकी होते. काल त्यांना पाहून रस्ता बदलणारे लोक आज त्यांच्या ओट्यावर येऊन बसू लागले. घासलेट महागणार, मिळेनासं होणार, अशा वावड्या उठल्या आणि दुकानापुढं डबे घेऊन रांग लागली. नाझर त्या रांगेच्या कडेनं हळूहळू फिरायचे. बोलत काही नसत. नुसतं एकेकाच्या डब्याकडे बघायचे. रांगेतली माणसं डबे धोतरामागे लपवायची.

संध्याकाळी मात्र ते आमच्याकडे येत. आमच्याकडे रेडिओ होता. इंग्रजी बातम्या लागल्या की कानाजवळ हात धरून बसत आणि मला भाषांतर करायला लावत.

"कोन्त्या कोन्त्या जहाजाचं नाव घेतलं?"

"नावं नाही सांगत हो ते."

"मंग काय बातम्या देते लेकाचा!"

मला वाटे, विजयाचा आनंद पुरेपूर चाखायला त्यांना तपशील हवा आहे. पण बातम्या संपल्या की ते विजयी माणसासारखे न दिसता उगाच टोपी काढत, घालत आणि उठून जात.

पुढे निवडणूक आली. वाचनालयात उमेदवारांच्या बाजूनं आणि विरुद्ध भाषणं झाली. त्या सभेत सबनीस वकील बोलायला उभे राहिले. हे पुण्यात शिकलेले, गोरेपान, आणि नाझरांचे जुने प्रतिस्पर्धी. त्यांचं म्हणणं असं, की जगात ज्याच्याकडे जे आहे ते त्यानं विकावं आणि ज्याला हवं त्यानं घ्यावं. आपण कापूस विकतो, ते तेल विकतात. यात गुलामी कसली?

नाझर मागून उभे राहिले. "वकीलसाहेब, कापूस नाई भेटला त तो मानूस जुनं धोतर नेसन. तेल नाई भेटलं त आपली लारी, मोटर, इंजनं, सारी जाग्यावर बसन. सवदा बराबरीचा होये काय हा?"

टाळ्या पडल्या. वकील सावरून म्हणाले, "मग काय करावं? गुजरातेत शोध चालू आहे, आसामात विहिरी खणताहेत. निघेल आपलं तेल. तोवर घ्यायलाच हवं."

"तोवर म्हंजे कदी?"

"ते मी कसं सांगू? आणि तुमचा उपाय काय? सगळ्या देशानं जवसाचे दिवे लावायचे?"

सभा हसली. नाझर एकदम म्हणाले, "शेन!"

आता तर सभा लोळायचीच बाकी राहिली. ढोरे नाव असलेल्या माणसानं भर सभेत शेणाचा उच्चार केल्यावर दुसरं काय होणार? पण नाझर तापले होते. शेणापासून जळणारा वायू निघतो, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. आपल्या देशात जहाज नाही, विहीर नाही, पण ढोरं किती! वकील म्हणाले, "आधी करून दाखवा." आणि नाझर म्हणाले, "दाखोतो."

झालं. दुसऱ्या दिवशीपासून त्यांच्या अंगणात खोदकाम सुरू. विहिरीसारखा खड्डा बांधून काढला. लोहाराकडून लोखंडी पिंप करवून त्यात पालथं बसवलं. शेण आणि पाणी कालवून आत सोडायचं, वायू पिंपात साठणार आणि नळीतून शेगडीकडे येणार. नाझरांनी दोन म्हशी घेतल्या. त्यांचं पुरेना, म्हणून ते गल्लीत फिरून शेण मागू लागले. "देशासाठी द्या," म्हणायचे. बायका आधी लाजल्या, मग गोवऱ्या थापायचा त्रास वाचला म्हणून खुशीनं टोपल्या आणून ओतू लागल्या. अंगणात वास असा सुटला, की आमच्याकडे पाहुणे येणं बंद झालं. माझ्या बायकोला तेवढाच विसावा.

वायू काही पेटेना. पिंप वर येई, नळीतून फुसफुस आवाज होई, नाझर काडी लावत आणि काडी विझे. सबनीस वकील रोज सकाळी फिरायला जाताना कुंपणापाशी थांबून विचारत, "काय नाझर, अडलं का जहाज?" नाझर पाठ फिरवून शेण कालवत राहत.

एका सकाळी त्यांची आरोळी ऐकून मी धावलो. शेगडीवर निळसर ज्योत उभी होती. लहानशी, थरथरती, पण ज्योत. राधाकाकूंनी चहाचं आधण ठेवलं. गल्ली लोटली. ज्योत मधूनच विझायची, नाझर पुन्हा काडी लावायचे, आणि आधणाला उकळी यायच्या आत निम्मी गल्ली कामाला निघून गेली. शेवटी चहा झाला तेव्हा मी आणि ते दोघंच उरलो होतो.

मी थट्टेनं म्हणालो, "नाझरसाहेब, खरं सांगा. एवढ्याशा शेणानं सगळी जहाजं थांबतील?"

त्यांनी बशीत चहा ओतला. फुंकर मारली, पण प्यायले नाहीत.

"सारी काहून थांबाले पायजेत, मास्तर? एक थांबलं तरी मायं भागते."

"एक? कोणतं?"

ते उठून म्हशींकडे गेले. आतून राधाकाकू आल्या आणि रिकामा कप उचलता उचलता हलक्या आवाजात म्हणाल्या, "आमचा विनायक हाये त्याच्यावर."

शेजारी राहूनही मला हे माहीत नव्हतं. विनायक त्यांचा एकुलता एक मुलगा. मुंबईला इंजिनाचं काम शिकला आणि एका परदेशी तेल कंपनीच्या जहाजावर लागला. आखातातून तेल भरायचं, कधी मुंबईला उतरवायचं, कधी कालव्यातून विलायतेला न्यायचं. निघताना बापलेकांची जुंपली. परक्याची चाकरी करशील तर माझं नाव लावू नको, असं नाझर बोलून गेले. पोरानं ते मनाला लावून घेतलं. आईला पोस्टकार्ड येई, ख्यालीखुशाली असे, पण घरी पाऊल टाकलं नव्हतं.

"कालवा बंद झाला तवा यांले झोपच नोती," काकू म्हणाल्या. "मंग कार्ड आलं, जहाज लांबच्या वाटेनं गेलं म्हनून. आता हे म्हनतात, देशाले तेलच नाई लागलं त कंपनी जहाज काढून टाकन. मंग कोठी जाईन पोट्टं? घरीच येईन."

मी नाझरांकडे पाहिलं. ते म्हशीची पाठ खाजवत होते.

पुढच्या उन्हाळ्यात विनायक रजेवर आला. काकूंनीच लिहिलं असावं. बापासारखाच उंच, रापलेला, बोलायला कमी. आता अंगणात देशाच्या तेलधोरणावर लढाई जुंपणार, म्हणून आम्ही कान टवकारून बसलो. वादाचं नावच नाही. नाझर त्याला वायूची विहीर दाखवत होते. विनायकनं नळीला कान लावला, हातानं चाचपली आणि सदरा काढून कामाला बसला.

"बाबा, नयीत पानी साचून राह्यलं. उतार उलटा हाये. म्हनून इझते."

"असं होये काय? मले वाटलं शेनच कमी पडते."

दिवसभर बाप पाना धरून शेजारी उकिडवा बसला होता. मागेल ते हत्यार हातात देत होता. संध्याकाळी काडी लावली तर ज्योत सरळ वर आली आणि स्थिर राहिली. नेमके तेव्हाच सबनीस वकील कुंपणापाशी आले.

"काय ढोरे? शेवटी परदेशी कंपनीचाच माणूस लागला ना दुरुस्तीला?"

अशा टोमण्याला नाझरांनी आजवर कधी साधं उत्तर दिलं नव्हतं. त्यांनी पोराच्या शेणानं भरलेल्या हातांवर लोट्यानं पाणी ओतलं.

"हारलो म्हना, वकीलसाहेब," ते म्हणाले. "या अंदर. चहा घ्या."

वकील इतके गांगरले, की खरंच आत आले.

रजा संपली. दुपारच्या गाडीला विनायकला पोचवायला मी आणि नाझर स्टेशनवर गेलो. काकू घरीच थांबल्या. गाडी आली, पोरगा पाया पडला. नाझरांनी त्याच्या कोटाची वरची गुंडी लावली. मुंबईला, बोटीवर, समुद्रात या कोटाचा काय उपयोग कोण जाणे, पण ती एकच गुंडी त्यांनी दोनदा लावली. "तब्येतीले जप" एवढंच म्हणाले. गाडी हलली. विनायक दारात उभा राहून हात हलवत होता. नाझरांनी हात वर केला आणि गाडी वळणाआड गेल्यावरही तो खाली घेतला नाही.

परत निघालो. उन्हानं रस्ता तापला होता. बरंच अंतर चालून झालं. मग कोटाच्या बाहीनं तोंड पुसून ते एकदम म्हणाले,

"मास्तर, आकोटच्या बजारात म्हशी चांगल्या भेटतात म्हनते. येत्या बजाराच्या दिवशी चालता काय?"