शिळ्या पाण्याचं गिऱ्हाईक

शनिवारी सकाळी सहाच्या ठोक्याला आमचं दार तीनदा वाजायचं. बेल आहे, चालू आहे, तरी वाजायचं. दार उघडलं की समोर ताठे काका. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, दोन्ही हातांत रिकाम्या बादल्या, खिशाला पेनासारखं मीटर अडकवलेलं. राम राम नाही, शाम शाम नाही. थेट मुद्द्यालाच हात, "वैनी, शिळं हाय का?"

शिळं म्हणजे पाणी.

तुम्ही बाहेरगावचे असाल तर आधी आमचा शनिवार समजून घ्या. आमच्या छत्रपती संभाजीनगरात नळ रोज भेटत नाही. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगला तो शनिवारी भेटायचा. त्या दिवशी बाराच्या बारा घरं खालच्या नळाला मोटरी लावून निळे ड्रम भरून घ्यायची. आणि भरायच्या आधी काय करायची? तळाला उरलेलं जुनं पाणी मोरीत ओतून द्यायची. आठवडाभर पाण्याच्या नावानं ठणाणा करायचा, पेला विसळायलाही जीव वर-खाली करायचा, आणि शनिवारी "शिळं झालं" म्हणून अर्धा ड्रम सोडून द्यायचा. असे आम्ही शहाणे लोक. माझी बायको मंगल याच पंथातली आणि मी तिचा नवरा, म्हणजे मीही त्यातलाच.

हे सोडून दिलं जाणारं पाणी ताठे काकांना हवं असायचं. कशाला? तर गच्चीवरच्या कुंड्यांना.

"ताज्या पाण्यात औषध असतंय, क्लोरीनचं," ते सांगायचे. "झाडाची मुळं पोळतेत. शिळं पाणी म्हंजे बसलेलं पाणी. औषध उडून गेलेलं. झाडाला दुसरं काय लागतंय?"

"मग बिल्डिंगच्या बोअरचं घाला की," मी एकदा म्हणालो. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी जावयाला शिळी भाकरी वाढायला सांगितली होती. "बोअरचं? मीटरवर अकराशे हाय ते! कुंडीवर पांढरा थर बघितला का कधी? तो खार हाय, खार! तुम्ही प्यायला फिल्टरचं घेता आन् झाडाला खारं पाजता. लई हिशोबी माणसं राव तुम्ही."

काका मूळचे फुलंब्रीकडचे. घरची शेती भावानं बघितली आणि हे शहरात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून चिकटले. तीस-बत्तीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या. सर्टिफिकेट नसलं तरी शास्त्रज्ञ आपणच, अशी त्यांची पक्की समजूत होती. रिटायर झाल्यावर त्यांनी ते मीटर घेतलं. पाण्यात बुडवलं की त्यात किती क्षार आहेत त्याचा आकडा दाखवणारं. त्या दिवसापासून बिल्डिंगमध्ये कुणी त्यांना सुखानं पाणी दिलं नाही. पेला पुढं केला की आधी मीटर आत जायचं. मग चष्मा वर, आणि जाहीर घोषणा, "दोनशे ऐंशी! प्यायला हरकत नाय." यजमानाला उगाच पास झाल्यासारखं वाटायचं.

काकू चार वर्षांपूर्वी पुण्याला मुलाकडं गेल्या. नातू झाला म्हणून, सहा महिन्यांसाठी. नातू आता शाळेत जातो, काकू अजून सहा महिन्यांसाठीच गेलेल्या आहेत. आम्ही आपले जिन्यात म्हणायचो, मीटरला कंटाळून गेल्या असतील बिचाऱ्या.

पहिल्या मजल्यावर एक नवीन भाडेकरू बाई आल्या, त्यांना या शनिवारच्या प्रकाराची काहीच कल्पना नव्हती. पहाटेच्या अंधुक उजेडात दारात एक म्हातारा, हातात भांडी, आणि म्हणतोय "शिळं हाय का?" बाई आत गेल्या आणि रात्रीच्या दोन पोळ्या, वर थोडी वांग्याची भाजी घालून घेऊन आल्या. काकांनी त्या निमूट घेतल्या! नंतर बाईंना खरं कळलं तेव्हा लाजून त्यांचं पाणी पाणी झालं. मी काकांना विचारलं, "अहो, सांगायचं नाही का त्यांना?"

"काय सांगायचं? भाजी लई झकास होती," ते म्हणाले.

मीटर परवडलं, पण त्यांचं बोट नको. कुणाच्याही कुंडीत, न विचारता, दुसऱ्या पेरापर्यंत बोट खुपसायचं आणि मातीचा निकाल द्यायचा. "आधी बोट घाला, मग पाणी घाला" हा त्यांचा मंत्र. माती वरून कोरडी दिसली तरी आत ओल असते, आणि तुम्ही घालताय पाणी, घालताय पाणी, मग मुळं कुजतात, असं ते कुणालाही, कुठंही ऐकवायचे. मंगल दुपारी बाराला बोअरचा पाइप घेऊन झाडांच्या डोक्यावर फवारा मारायची. तिला तर त्यांनी जिन्यात उभं करून झापलं. "वैनी, भर उन्हात तुमच्या डोक्यावर कुणी बादली वतली तर चालंल का? सकाळी घाला. बुडाशी घाला. पानाला तहान नसती."

हर्सूलच्या एका नर्सरीवाल्यानं त्यांना हात जोडून सांगितलंय म्हणे, काका, रोप फुकट न्या पण गिऱ्हाइकांसमोर बोट घालू नका.

एकदा माझी पाठ धरली म्हणून ते माझ्यासोबत दवाखान्यात आले. माझ्या सोबतीला कमी आणि तिथल्या कुंडीसाठी जास्त. कोपऱ्यात हिरवंगार मनी प्लँट होतं. काकांचं बोट आत गेलं आणि बाहेर आलं ते चिखलानं माखून. "ओ ताई!" त्यांनी नंबर लावणाऱ्या मुलीला हाक मारली. "मारून टाकताय काय याला? मुळं कुजली असणार पार!" पोरगी रडकुंडीला आली. म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून दोन वर्षं रोज न चुकता पाणी घालतेय. मी सहज एक पान चाचपलं. प्लास्टिक! सगळा दवाखाना खो खो हसायला लागला, पाठ विसरून मीही. काका जराही डगमगले नाहीत. रुमालाला बोट पुसत म्हणाले, "म्हणूनच टिकलंय."

पण एक सांगतो. पाण्याच्या बाबतीत हा माणूस कधी खोटं बोलला नाही. माझ्या सासऱ्यांनी गावाकडं बोअर घेतलं तेव्हा पूजेला काकांनाही नेलं होतं. पाणी लागलेलं, नारळ फुटलेला, सगळे म्हणत होते गोड आहे, गोड आहे. सासरे ओंजळ भरून प्याले आणि मोठ्या आशेनं काकांकडं बघायला लागले. मी काकांच्या कानात म्हणालो, "काका, आज तरी गोड म्हणा." त्यांनी मीटर बुडवलं. "साडेबाराशे," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "गुरंसुद्धा नाक मुरडतील." सासरे अजून त्यांचं नाव काढलं की ताटावरून उठतात. परतीच्या वाटेवर मी फाडफाड बोललो, तर म्हणाले, "साहेब, माणसाला चार गोष्टी खोट्या सांगता येतेत. पाण्याबद्दल नाय सांगता येत."

गेल्या वर्षी मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो. काहीतरी करून दाखवायची खुमखुमी होतीच. मी टूम काढली की खाली एक मोठा हौद बांधायचा. शनिवारचं पाणी सगळं त्यात, तिथून वरच्या टाकीत, आणि तिथून प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात, रोज, तोटी फिरवली की धो धो. ड्रम नको, मोटरी नकोत, पहाटेचं उठणं नको. मीटिंगला अकरा घरांनी टाळ्या वाजवल्या. बारावं घर उभं राहिलं.

"हौद झाला," ताठे काका म्हणाले, "तर शिळं पाणी कुठनं मिळंल?"

हशा पिकला. मला तर चेवच आला. माईक नव्हता, तरी मी माईकवर बोलल्यासारखा बोललो, "म्हणजे काका, तुमच्या शेवंतीला शिळं पाणी मिळावं म्हणून बारा घरांनी जन्मभर ड्रम वाहायचे का? झाडं तुमची, बादल्या तुमच्या, आणि हमाली आमची?"

पुन्हा हशा. काका उभेच होते. "तसं नाय," ते म्हणाले. "हप्त्यातून एकदा तरी जुनं पाणी काढलेलं बरं असतंय. दारोदारचं." हातातलं मीटर उगाच चालू-बंद करत ते खाली बसले. ठराव एकमतानं पास, असं मी लिहिलं. बारावं मत मी धरलंच नाही.

दिवाळीनंतर हौद सुरू झाला. नारळ मी फोडला, भाषण मी केलं. काकांनी तोटीखाली मीटर धरलं आणि म्हणाले, "दोनशे नव्वद. चांगलं हाय पाणी." खोटं बोलवत नव्हतं ना त्यांना.

त्यानंतरच्या शनिवारी सहा वाजता दार तीनदा वाजलं. मी उशीत तोंड खुपसून पडलो होतो, ड्रम भरायचे नव्हते. मंगलनं दार उघडलं. "वैनी, शिळं हाय का?" "अहो काका, आता कुठलं शिळं? आता नळ सोडला की पाणी." "व्हय, व्हय. इसरलोच की." मग वरच्या मजल्यावर टकटक. मग समोर. सगळीकडून तेच ऐकू येत होतं, आता नाही हो काका, आता गरज नाही. पुढच्या शनिवारी ते दोनच दारं वाजवून परत गेले. तिसऱ्या शनिवारी आलेच नाहीत. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? शनिवारची झोप मिळायला लागली.

चौथ्या आठवड्यात वरची टाकी वाहायला लागली म्हणून मी गच्चीवर गेलो. त्या गच्चीवर काकांच्या कुंड्यांच्या पलीकडं आम्ही कुणी कधी गेलोच नव्हतो. गेलं की बोट घालायला लावतात, ही भीती. पण टाकीचा कॉक नेमका पलीकडच्या भिंतीला. शेवंती, मोगरा, गवती चहा, सगळं कसं टवटवीत. कुंड्यांवर पांढरा थर नावालाही नाही. आणि त्या सगळ्याच्या मागं, जिन्याच्या खोलीच्या आडोशाला, दोन मोठ्या काळ्या टाक्या. गच्चीच्या उताराचा पाइप सरळ त्यांच्यात सोडलेला, तोंडाला जाळी बांधलेली. मी जाळी वर केली. दोन्ही टाक्या काठोकाठ.

काका शेवंतीला तांब्यानं पाणी घालत होते. बुडाशी, हळूहळू. मी विचारलं, "काका, हे कुठलं पाणी?"

"पावसाचं. तीस हाय फक्त. झाडाला याच्यासारखं पाणी नाय."

"कधी बसवल्या टाक्या?"

"तुमच्या काकू इथं होत्या तवाच. तिनंच बसवायला लावल्या."

मी उभाच राहिलो. डोक्यात हिशोब जुळेना. "मग आमच्या घरांतलं शिळं पाणी? ते कुठं घालत होता?"

"ते खाली. गेटजवळच्या लिंबाला."

गेटजवळचा कडुलिंब तीन मजले उंच आहे. आमच्या बिल्डिंगच्या आधीपासून उभा आहे. त्याला कुणी पाणी घातल्याचं मला आठवत नाही. "काका, त्या लिंबाला पाणी लागतं?"

"नाय," ते म्हणाले. पाण्याबद्दल खोटं त्यांना बोलताच येत नाही. तांब्या कुंडीच्या कडेला ठेवला, कडेवरची माती बोटानं सारखी केली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "दार वाजवायला काय तरी निमित्त पाह्यजे ना, साहेब. रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जावं? बादली असली म्हंजे माणूस कामाला आल्यागत दिसतंय."

मीटिंगमधलं माझं भाषण, तो हशा, 'एकमतानं पास', सगळं एकदम आठवलं. लाज वाटली. कॉक न बघताच मी खाली आलो. टाकी वाहतच राहिली, आणि त्याबद्दल मला नंतर अकरा घरांनी बोल लावले.

मंगलला सगळं सांगितलं. तिनं मोरीतली मोठी बादली घासली, नळाखाली धरून भरली आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात झाकण घालून ठेवली. तो शुक्रवार होता.

शनिवारी सकाळी मीच वर गेलो आणि काकांचं दार तीनदा वाजवलं. बेल त्यांच्याकडंही आहे. "काका, आमच्याकडं शिळं पाणी उरलंय. बादल्या घेऊन या."

ते आले. पायजमा दुमडून, दोन्ही बादल्या घेऊन. मंगलनं झाकण काढलं. काकांनी सवयीनं खिशातलं मीटर काढलं, पण आधी वाकून वास घेतला. हौदात आम्ही रोज टाकतो त्या औषधाचा वास अजून येत होता, मलासुद्धा येत होता. तीस-बत्तीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाला येणार नाही?

"किती दिवसांचं हाय?" त्यांनी विचारलं.

"आठ दिवसांचं," मंगल म्हणाली.

काकांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मीटर न बुडवताच परत खिशाला अडकवलं.

"व्हय," ते म्हणाले. "चांगलं शिळं हाय."

मग त्यांनी बादली उचलली नाही. आधी आमच्या तुळशीत दुसऱ्या पेरापर्यंत बोट घातलं, मंगलला चार शब्द सुनावले, आणि चहाला थांबले.