कैफियतीचा रकाना

आमच्या गावचे दगडूतात्या रोज सकाळी झाडांची हजेरी घेतात. हे मी विनोदानं सांगत नाही. काखेत मस्टर, कानावर पेन्सिल आणि हातात वेताची काठी घेऊन ते रानाच्या कडेला उभे राहतात, एकेका झाडाला नावानं हाक मारतात आणि झाडाच्या वतीनं उत्तरही स्वतःच देतात. नाव बाईचं असेल तर बारीक आवाजात ‘हाजर’, बाप्याचं असेल तर घोगऱ्या आवाजात. झाडं एकेचाळीस, आवाज दोन.

गाव कन्नडपासून जीपनं अर्ध्या तासावर, डोंगराच्या पायथ्याशी. तात्यांचं आणि आमचं शेत बांधाला बांध लागून. त्यांच्या चार एकरांतलं दीडेक एकर नुसतं बरड. नांगर घातला तर फाळ बोथट व्हायचा, एवढंच त्याचं उत्पन्न. तिथं तात्यांनी झाडं लावली. खालच्या अंगाला साग, वर लिंब, बाभळी, दोन-चार धावडे. लोक त्याला ‘तात्याचं जंगल’ म्हणत. तात्या म्हणत, ‘माझी गँग.’

गँग हा शब्द कुठून आला तेही सांगतो. बहात्तरच्या दुष्काळात तात्या पाझर तलावाच्या कामावर मुकादम होते. दिवस उगवला की मस्टर उघडायचं, नावं पुकारायची, दिवसभर दगड फोडणाऱ्या माणसांकडं बघत उभं राहायचं. पुढं पाऊस पडला, काम बंद झालं, माणसं आपापल्या रानात गेली. तात्यांचं मात्र सकाळी तोंड शिवशिवायला लागलं. कुणाला तरी हाक मारल्याशिवाय त्यांना भाकर गोड लागेना. मग बरडावर रोपं लावली आणि मस्टरावरची नावं एकेक करून त्यांना दिली. भागूबाई म्हणजे वरच्या अंगाचा लिंब. ती बोलायला कडू होती. सखाराम म्हणजे वाकडी बाभळ. सखारामच्या पाठीत तेव्हापासून पोक आहे. तो बिचारा अजून तक्रार करतो, “तात्या, त्या बाभळीला आधार दिला, मला कधी दिला का?”

मस्टरला तीन रकाने. नाव, हजेरी आणि कैफियत. शेरा हा शब्द तात्यांना माहीत नाही असं नाही, पण पोलीस ॲक्शनच्या आधीच्या, निजामाच्या काळातल्या त्यांच्या दोन इयत्ता उर्दूत झाल्या आणि नंतरच्या दोन मराठीत. त्यामुळं त्यांच्या डोक्यात अर्धं कपाट इकडचं, अर्धं तिकडचं. शेऱ्याला ते कैफियतच म्हणतात. त्या रकान्यात बारीक अक्षरात नोंदी असतात. ‘भागूबाई – मोहोळ बसलं.’ ‘सखाराम – शेळीनं शेंडा खाल्ला, समज दिली.’ समज कुणाला दिली, शेळीला की सखारामला, ते लिहिलेलं नाही.

आता तात्या झाडं विकत नाहीत असं समजू नका. घर त्यावरच चालायचं. पण ‘तोडलं’ हा शब्द त्यांच्यापुढं काढायचा नाही. झाड रिटायर व्हायचं. आठ दिवस आधी नोटीस. नोटीस म्हणजे तात्या झाडापुढं उभं राहून सांगायचे, “बाई, तयारीला लाग.” त्या दिवशी हार, नारळ आणि बांधाला बांध असणाऱ्या सगळ्यांना चहा. मग भाषण. “ह्या मंजुळाबाईनं एवढी वर्षं इमानदारीनं सावली दिली, कधी खाडा केला नाय...”

समोर करवत घेऊन इस्माईलभाई उभे. इस्माईलभाई कन्नडचे सुतार. झाड उतरवण्यापासून पलंग घडवण्यापर्यंत सगळं एकहाती. त्या उर्दू इयत्तांमध्ये तात्या आणि ते एका तरटावर बसलेले. सबंध गावात तात्यांना अरेतुरे करण्याचा हक्क त्यांच्याकडंच.

“दगडू, भाषण आटप रे. मेरेकू जोहरच्या नमाजाच्या आत घर जानेका है.”

“तू गप रं. तुझ्या टायमाला तुजं बी भाषण करीन.”

“मेरे टाइम को तू रहा तो!”

एवढं बोलून इस्माईलभाई गुडघे टेकायचे. ते झाड नेहमी पायाशी, मातीला नाक लावून कापत. बुंधा सपाट, थोडा उतरता, पाणी साचू नये असा. म्हणजे फुटवा चांगला येतो. तात्या त्याला ‘वारस लागला’ म्हणायचे.

एकदा सागाच्या परवानगीसाठी तात्यांनी तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिला. अर्जात झाडांचा तपशील मागतात. तात्यांनी खरा तपशील दिला : ‘गंगूबाई, काशीराम व अंबादास ह्यांस उतरवण्याची परवानगी मिळावी, तिघेही म्हातारे झाले आहेत.’ पंधरा दिवसांनी उत्तर आलं, ‘सदर इसमांबाबत ह्या कार्यालयास अधिकार नाहीत.’ तात्यांनी ते उत्तर मस्टरात जपून ठेवलंय. म्हणतात, “सरकारनं लेखी दिलंय, त्यांच्यावर कुणाचा अधिकार नाय म्हणून.”

इथवर लिहिणं सोपं होतं. हे मी बऱ्याच जणांना सांगितलंय, हॉटेलात, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, आणि लोक हसलेत. तात्यांची नक्कल मला बरी जमते. पुढचं कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्या सामाईक बांधाला लागून, पण बुंधा तात्यांच्याच बाजूला, असा एक साग होता. मस्टरावरची नावं संपली तरी तो उरला, म्हणून बरीच वर्षं बिननावी. तात्या त्याला ‘उमेदवार’ म्हणायचे. मला शहरात नोकरी लागली. आमच्या वस्तीवरून शहरात नोकरीला जाणारा मी पहिला. तेव्हा तात्या पेढे खाऊन झाल्यावर बोटं धोतराला पुसत म्हणाले, “त्यो सरळ वर गेलाय, तू बी गेलास. आजपासनं त्याचं नाव भानुदास.” भानुदास म्हणजे मी. दुसऱ्या दिवसापासून मी शहरात ऑफिसच्या मस्टरवर सही करायचो आणि गावाकडं तात्या माझ्या नावानं घोगरं ‘हाजर’ म्हणायचे.

काही वर्षांनी मी शहरात, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, घर बांधायला काढलं. शेजारच्या प्लॉटवाल्यानं दाराला सागाची चौकट लावली. आमच्या घरी त्या चौकटीचा विषय रोज निघायला लागला. आणि माझ्या डोक्यात एक विचार शिरला. आमच्याकडं जमिनीचं सगळं भांडण नाव लागण्यावरून. सातबाऱ्यावर ज्याचं नाव लागलं त्याची जमीन. मग झाडाला माझं नाव लागलंय, अख्ख्या गावादेखत लागलंय, तर झाड कुणाचं? शिवाय त्याची सावली आमच्या ज्वारीवर पडत होती. ह्या दोन मुद्द्यांवर मी स्वतःशी खटला चालवला आणि स्वतःच जिंकलो.

तात्यांना विचारलं असतं तर दिलं असतं का? दिलं असतं. हार घातला असता, भाषण केलं असतं, चहा पाजला असता. आता कळतंय की मला ते भाषणच नको होतं. ‘भानुदासनं एवढी वर्षं इमानदारीनं...’ हे ऐकत मला उभं राहायचं नव्हतं.

तात्या लेकीकडं देवगाव रंगारीला पाच दिवसांसाठी गेले. तिसऱ्या दिवशी सोयगावकडची दोन माणसं मी आणली आणि झाड आमचंच म्हणून सांगितलं. त्यांनी उभ्या-उभ्या, कमरेएवढ्या उंचीवर कापलं. वाकायचा कंटाळा. मीही घाई करत होतो. ओंडके कडब्याखाली घालून टेम्पोतून नेले.

तात्या परत आले त्या दिवशी रविवार होता, मीही गावात होतो. पारावर पंधरा-वीस लोक जमले होते. नाव कुणाचं निघालं असेल? झाडं कोण कापतो? इस्माईल. साग कोण ओळखतो? इस्माईल. लोकांना एवढं पुरतं. कुणीतरी कन्नडला निरोप धाडला. इस्माईलभाई दुपारच्या जीपनं आले आणि आपली करवत तात्यांच्या पायाशी ठेवली.

“चोरका नाम निकले तक ये तेरे पास रख.”

तात्या म्हणाले, “अरे येड्या, त्यो बुडखा बघितलाय की मी. कमरेतनं कापलाय. हे इस्माईलचं काम नाय.”

“मग कुणाचं?” पारावरनं कुणीतरी विचारलं.

तात्यांनी मस्टर उघडलं, पेन्सिलीला थुंकी लावली. “भानुदास गैरहजर लिवलं तर चौकशी लागती. चौकशी लागली की पंचनामा आला, साक्षी-पुरावे आले, गावात दोन तट आले. म्हणून मी लिवतो, रजेवर.”

लोक हसले. मीही हसलो. मी त्यांच्यापासून चार हातांवर बसलो होतो. पाचच शब्द बोलायचे होते, ‘तात्या, झाड मी नेलं हो.’ त्याऐवजी बूट घातले, आणि एसटी चुकेल म्हणून निघालो.

इस्माईलभाईंनी करवत उचलली नाही. ती वर्षभर तात्यांच्या ओसरीवर पडून होती आणि त्या वर्षात आमच्या गावातलं एकही काम त्यांनी घेतलं नाही. तात्यांनीही दुसरा माणूस बोलावला नाही. त्या वर्षी एकही झाड रिटायर झालं नाही. पुढं तात्याच करवत घेऊन कन्नडला गेले आणि दोघं पुन्हा पहिल्यासारखे एकमेकांना शिव्या द्यायला लागले. पण गावातल्या काहींनी इस्माईलभाईंना चहा विचारणं सोडलं, ते सोडलंच.

चौकट उत्तम झाली. सुनंदा, माझी बायको, आल्यागेल्याला कौतुकानं दाखवते, “गावाकडचा साग आहे, घरचा.” गेली पंचवीसेक वर्षं मी त्या चौकटीतून रोज आत-बाहेर करतो. त्यानंतर तात्यांची हजेरी ऐकायला कधी थांबलो नाही. शेतावर जायचो ते दुपारी. नक्कल मात्र करत राहिलो.

ह्या हिवाळ्यात तात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, शहरातच. सोबत इस्माईलभाई. दोघंही आता चौऱ्याऐंशीच्या घरातले. दवाखान्यात तात्यांनी पिशवीतून मस्टर नेलं होतं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यापुढं नुसतं धुकं, तरी सकाळी हजेरी तोंडपाठ. पहिल्या दिवशी नर्स ओरडली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटांवरचे पेशंट ‘हाजर’ म्हणायला लागले. एक पैठणचे आजोबा तर तात्यांना म्हणाले, “मला भागूबाई नका देऊ, बाप्याचं नाव द्या.”

तपासणीपर्यंत चार दिवस शहरातच राहायला सांगितलं होतं. नाही कसं म्हणणार? मी दोघांना रिक्षानं घरी आणलं. दारात इस्माईलभाईंनी तात्यांचा हात धरून म्हटलं, “संभाल, उंबरठा है.” तात्यांनी आधारासाठी चौकटीवर पंजा टेकला. टेकवून ठेवला. मग बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं, ते झाडांवर वाजवतात तसं, आणि आत आले. इस्माईलभाईंनी पण जाताजाता चौकटीवरून अंगठा फिरवला. सुतारच ते. सुनंदा आतून म्हणाली, “घरचा साग आहे, तात्या.”

“व्हय,” तात्या म्हणाले. “दिसतंय की.” डोळ्यावर पट्टी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुढच्या खोलीत चहा घेत होतो. तात्यांनी हजेरी सुरू केली. बारीक आवाज, घोगरा आवाज. मी कपाकडं बघत होतो. चाळीस नावं झाली.

“भानुदास!”

इथं ते पंचवीस वर्षं ‘रजेवर’ म्हणत आलेत, हे मला गावातल्या लोकांकडून माहीत होतं. त्या दिवशी ते म्हणाले नाहीत. मान माझ्या बाजूला वळवून थांबले. इस्माईलभाईंनी बशी खाली ठेवली.

“हाजर,” मी म्हणालो. आणि मग ते पाच शब्दही म्हणालो.

तात्यांनी पिशवीतून मस्टर काढलं, चाचपडत शेवटचं पान उघडून माझ्यापुढं सरकवलं. “माझ्या कानावरची पेन्सिल घे. कैफियतीचा रकाना बघ.”

भानुदासच्या ओळीत हजेरीत ‘रजेवर’, आणि पुढं कोरं. बाकी चाळीस रकाने मधमाश्यांनी, शेळ्यांनी, वाऱ्या-वादळांनी भरलेले.

“तात्या, तुम्हाला माहीत होतं?”

“तुमच्या शेतातनं कडब्यासंगट सागाचा भुसा सांडत गेलता, थेट सडकेपर्यंत. पण दुसऱ्याची कैफियत आपण लिवायची नसती. ज्याची त्यानं लिवायची. म्हणून कोरा ठिवला.”

मी लिहिलं. काय लिहिलं ते वर सगळं आलंच आहे, तिथं फक्त दोन ओळींची जागा होती.

“आता मोठ्यानं वाच,” तात्या म्हणाले. “इस्माईलला मराठी वाचता येत नाय.”

मी वाचलं. ‘झाड मी चोरून नेलं. इस्माईलभाईंचं नाव घेतलं गेलं तेव्हा मी तिथंच होतो आणि गप्प बसलो.’ सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

इस्माईलभाईंनी चौकटीकडं बघितलं. “मेरेकू बोलना था, बेटा,” ते म्हणाले. “मैं नीचे से काटता. दोन-अडीच फूट लकडी जाया कर दी तूने.” मग बशी पुन्हा उचलत, “वो साल मैं तुम्हारे गाँव के रस्तेसे भी नहीं जाता था.”

येत्या रविवारी इस्माईलभाईंना घेऊन गावात जायचं आहे आणि हेच पारावर वाचायचं आहे. त्या वेळचे सगळे लोक आता उरलेले नाहीत.

तात्यांनी मस्टर परत घेतलं. पण मिटलं नाही.

“वाळवी-बिळवी लागली का रं त्याला?”

“नाही तात्या. दर दिवाळीला तेल लावतो.”

“पावसाळ्यात फुगतंय?”

“थोडं. दार जरा जाम होतं.”

“व्हायचंच. तिकडच्या पावसाची सवय हाय त्याला.” त्यांनी मस्टर पुन्हा माझ्याकडं सरकवलं. “रजेवर खोड. हाजर लाव.”