होडीनं माहेरी

"आवं, ती होडी जरा सरकवा. मला कुरडया घालायच्यात," केशरबाई म्हणाल्या.

होडी सरकवायला ती काही बाज नव्हती. कित्येक वर्षं ती सुंदररावांच्या दारात, रस्त्याच्या कडेला, दगडांवर ठाण मांडून बसली होती. खरीखुरी शिडाची होडी, डोलकाठीसकट! केज तालुक्यात ओढ्याला पाणी आलं तर लोक पोराबाळांना घेऊन बघायला जातात, तिथं ही बाई आली कशी, असा प्रश्न नवख्या माणसाला पडायचा. गावातल्यांना पडत नसे. त्यांच्या दृष्टीनं ती सुंदररावांची सवत होती. म्हणजे खरं तर केशरबाईंची, पण धुणंभांडं सोडून घरात जे काही व्हायचं ते तिचंच व्हायचं.

याची सुरुवात बहात्तर साली झाली. दुष्काळी कामावर धरणाची भिंत बांधायला निघाली तेव्हा सुंदरराव आणि केशरबाई नवे नवरा-बायको होते. दोघांनी सुकडी खाऊन त्या भिंतीवर माती टाकली. पुढं भिंत झाली, पाणी अडलं, आणि सगळ्यात आधी बुडालं ते पिंपळटाकळी, केशरबाईंचं माहेर. स्वतःच्या माहेरावर पाणी आणायला त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून पाट्या वाहिल्या होत्या. त्या दिवशी भिंतीवर उभ्या राहून त्या पदर तोंडात कोंबून रडल्या.  तोवर सुंदररावांनी होडी फक्त कॅलेंडरवर बघितली होती, तरी ते म्हणाले, "रडू नगं. मी तुला होडीनं म्हायेरी नेतो."

नवरे असं काहीबाही बोलतात आणि बायका विसरून जातात, म्हणून जग चाललंय. केशरबाई विसरल्या नाहीत.

धरण आलं, मागोमाग योजना आली, आणि योजना आली म्हणून मच्छीमार सहकारी संस्था निघाली. निम्मे सभासद माळकरी. चेअरमनना मासा बघितला की मळमळायचं. सेक्रेटरी सुंदरराव. संस्थेनं वल्ह्याची एक साधी होडी मागितली, तर कोकणातून ट्रकवर लादून आली ती ही, जुनी, फळ्या कुजलेली, शिडाची. बरोबर आलेल्या खलाशानं भर रस्त्यावर शीड कसं चढवायचं ते संध्याकाळी एकदा दाखवलं आणि रात्रीची एसटी धरून तो जो गेला तो गेलाच. त्याच साली पाऊस दडी मारून बसला. धरण आटलं, संस्था बुडाली. होडी तेवढी बुडाली नाही, कारण ती पाण्यात गेलीच नव्हती. तिला कुणी फुकट न्यायलाही तयार होईना, तेव्हा सुंदररावांनी ती बैल लावून दारात ओढून आणली.

दुरुस्तीला जोडीदार मिळाला चाँद मिस्त्री. चाँद बैलगाड्या करायचा. उभ्या जन्मात त्यानं समुद्र बघितला नव्हता.

"लकडी ती लकडी बे," तो म्हणाला होता. "गाडी जमिनीवर चालती, ही पान्यावर. हिला चाकं न्हाईत, तेवढीच मेहनत कमी."

मेहनत काही कमी झाली नाही. एक फळी बदलावी तोवर दुसरी मान टाकायची. सागाच्या जागी बाभूळ आली, सुकाणूला जुन्या दाराची फळी लागली, फटींत कापूस आणि डांबर गेलं, अंगाला करडईचं तेल. धरण भरावं तर होडीचा तळ उघडा, आणि तळ मिटावा तर धरणात ढेकळं. अशा लपंडावात दोघांचे केस पांढरे झाले. शीड केशरबाईंनी शिवलं, तेही कुरकुरत. कारखान्याच्या निवडणुकीतले कापडी फलक सुंदररावांनी दोन्ही पॅनलच्या मांडवातून आणले होते. त्यामुळं शिडाच्या वरच्या अंगाला "प्रचंड बहुमताने" आणि खालच्या अंगाला विरोधकांचं "आता बदल हवा" असं आलं.

मग तो वाईट उन्हाळा आला. धरण इतकं आटलं की पिंपळटाकळी वर आली. देवळाचा चौथरा, भिंतींचे पाये, आडाचा काठ, सगळं दिसायला लागलं. पिंपळटाकळीच्या लेकी जीप करून बघायला जायला लागल्या. केशरबाईही एकदा चालत गेल्या आणि आल्या त्या न जेवता झोपल्या.

"का गं, काय झालं?" सुंदररावांनी विचारलं.

"चुलीची जागा दिसली," त्या भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या. "गाळानं भरलीय. वर कुत्रं निजलंवतं. असं उघडं पडलेलं म्हायेर बघू न्हाई. पानी आलं की न्या. तुमी होडीनं न्हेनार व्हता."

दुसऱ्या दिवशी सकाळीच सुंदरराव चाँदकडं गेले. आता होडी कायमची तयार ठेवायची, पाणी येईल तेव्हा येवो. चाँदनं येऊन बघितलं आणि तो मटकन खाली बसला. उन्हानं फळ्या आकसल्या होत्या. फटींतून बोट आरपार जात होतं.

"लकडी प्यासी हाय," तो म्हणाला. "उन्हाळ्यात गाडीचं चाक ढिलं पडलं की काय करतो आपुन? पान्यात टाकतो. लकडी फुगती, चाक घट्ट. हिला पान्यात टाकाया पायजे."

"पान्यात टाकाया पानी कुटंय?"

"मग हिच्यात पानी टाका."

गावात पाणी म्हणजे दिवसाआड येणारा टँकर. तो गावविहिरीत रिता व्हायचा आणि विहिरीवर बायकांची झुंबड उडायची. टँकरचा ड्रायव्हर गहिनीनाथ सुंदररावांच्या बहिणीच्या सासरचा. त्याला दुपारी झाडाखाली चहा पाजून सुंदररावांनी विषय काढला.

"होडीत पानी?" गहिनीनाथनं कप खाली ठेवला. "मामा, उन्हात फिरू नगा."

"आरं, वाया जातंय का? हिरीतून शेंदायच्या ऐवजी लोक होडीतून घेतील. एकच खेप. लाकूड फुगलं की झालं."

गहिनीनाथला मुळात विहिरीपर्यंतच्या खड्ड्यांचा कंटाळा आला होता. त्यानं टँकर दारात लावला आणि पाइप होडीत सोडला. होडी निम्मी भरली न भरली तोच प्रत्येक फटीतून धार लागली. रस्ता भिजला.

समोरची छबूबाई ओट्यावर शेंगा फोडत होती. तिनं जी आरोळी ठोकली ती पार वेशीपर्यंत गेली. "आगं पळा! सुंदररावानं गावाचं पानी रस्त्यावर सोडलं!"

बायका आल्या त्या सुंदररावांना फाडून खायलाच. पण पाणी वाहत असताना भांडायला वेळ कुणाला आहे? ज्या धारेला जी भिडली तिनं तिथं घागर लावली. थोड्याच वेळात होडीच्या दोन्ही अंगांना घागरींची रांग लागली. एकीची धार दुसरीच्या घागरीत जात नव्हती, कुणी विहिरीच्या काठावर लटकत नव्हतं. छबूबाईला मिळालेली धार तर मनगटाएवढी होती.

"ही धार माझी," तिनं जाहीर केलं. "उद्या कुनी हिला हात लावायचा न्हाई."

दोन तास झाले आणि धारा बारीक होऊ लागल्या. मग थेंब. मग तेही थांबले. लाकूड फुगलं होतं. चाँद होडीभोवती फिरला, प्रत्येक फटीवरून तळवा फिरवला, कोरडा तळवा सगळ्यांना दाखवला, आणि त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"मिस्त्री!" छबूबाई कडाडली. "माझी धार बंद केली तुमी!"

"भाभी, हिला आता समिंदरात सोडा!"

"आदी माझी घागर भरा, मग कुटं सोडायची ती सोडा!"

पुढच्या खेपेला बायकांनीच गहिनीनाथला अडवला. विहिरीवर चेंगराचेंगरी नको, होडीतच ओत. सुंदररावांनी हात जोडले, पाया पडायचे बाकी राहिले, पण ऐकतो कोण? सरपंच बद्रीनाथनं येऊन पाहणी केली, होडीत निवळीची पूड टाकायला लावली आणि कुशीवर पांढऱ्या रंगात "पिण्याचे पाणी. पाय धुऊ नयेत" असं लिहवून घेतलं. दारातल्या वस्तूवर देखरेख कुणाची, तर दारातल्या बाईची. केशरबाई हातात काठी घेऊन बाजेवर बसल्या, आणि सरपंचाची घागर असली तरी ती रांगेत मागंच लागायची. त्यांच्यापुढं कुणाचं काही चालेना.

उन्हाळा गेला, पावसाळा नुसता नावाला आला, पुन्हा टँकर. पाणी बाहेर ठेवायला जन्मलेली होडी पोटात पाणी घेऊन उभी राहिली. संध्याकाळी सुंदरराव तिच्या काठावर हनुवटी टेकून आत बघत. आत वारा आला की इवली लाट उठायची आणि काठाला लागायची. तेवढ्यावर ते जेवायला जात.

दुसऱ्या साली धरणात थोडं पाणी साठलं. फार नाही, पण पिंपळटाकळीचा चौथरा झाकला. सुंदररावांनी ट्रॅक्टर ठरवला, चाँदला उठवलं आणि केशरबाईंना म्हणाले, "चल. आज रिकामी करू."

केशरबाईंनी समोरच्या रांगेकडं बघितलं. उन्हात बायका उभ्या होत्या, छबूबाईची लेकुरवाळी सून होती.

"हिला न्हेली तर ह्या कशात भरत्याल?"

"हीर हाय की."

"हिरीत मागल्या साली पोरगी पडता पडता वाचली. न्हाई. म्हायेर कुटं पळून जातंय? बुडालेलंच हाय." आणि काठी आपटून त्या ओरडल्या, "ए छबू, लायनीत!"

 सुंदररावांना दिसलं, की रांगेकडं तोंड करून बसलेली आपली बायको मधूनच धरणाच्या दिशेला बघते. तिचं वय झालं होतं. आपलंही झालं होतं. गुडघे म्हणत होते, नेणार असशील तर आता ने. ते ओसरीवर गेले आणि घडी घालून ठेवलेलं शीड उगाच उलगडून परत घडी घालत बसले. त्यांना फार वाईट वाटलं.

मग एका सप्टेंबरात आभाळ फाटलं. आठवडाभर धो धो. धरण भरलं, सांडव्यावरून पाणी गेलं, नळयोजनेची मोटार सुरू झाली आणि गावात नळाला पाणी आलं. छबूबाई स्वतः येऊन म्हणाली, "केशरआक्का, आता न्हेऊ दे बाई त्यांना तिला. म्हाताऱ्याचं तोंड बघवंना."

होडी उसाच्या ट्रॉलीवर चढली. निम्मं गाव धरणावर. बद्रीनाथनं नारळ फोडायला माइक आणि भोंगा आणला होता. चाँदला बसायला सांगितलं तर तो चार पावलं मागं सरला. "मी बनवनारा. बसनारा न्हाई. मला पानी कमरेच्या वर चालत न्हाई."

नव्या लुगड्यातल्या केशरबाई, त्यांच्या मांडीवर शिदोरीचं गाठोडं, आणि सुंदरराव. ढकलल्याबरोबर होडी तरंगली. एक थेंब आत आला नाही. इतकी वर्षं पाणी पिऊन फळी न् फळी टच्च झाली होती. सुंदररावांनी दोरी ओढली, शीड फडफडून वर गेलं, वाऱ्यानं "प्रचंड बहुमताने" फुगलं आणि काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाँद खांद्यावरच्या रुमालानं डोळे पुसत उभा होता.

वाराच पिंपळटाकळीच्या दिशेचा होता. केशरबाई काठाला धरून पुढं बघत होत्या.

"जरा डाव्या अंगाला," त्या म्हणाल्या. "महादेवाचं टेकाड अन् ती चिंच एका वळीत आली पायजे. आमच्या उंबऱ्यातून तशीच दिसायची." आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, "हां. हितं. हितंच."

सुंदररावांनी शीड खाली सोडलं. होडी थांबली. खाली गढूळ पाण्याशिवाय काही दिसत नव्हतं. केशरबाईंनी गाठोड्यातून खण आणि नारळ काढला, कपाळाला लावला आणि पाण्यात सोडला. "आई, आले गं," त्या म्हणाल्या. सुंदररावांनी तोंड दुसरीकडं फिरवलं, कारण त्यांनाही हुंदका आवरेना.

तेवढ्यात काठावरून भोंगा खरखरला. पाण्यावरून बद्रीनाथचा आवाज स्वच्छ आला.

"सुंदरराव, ओ सुंदरराव! नळाची मोटार जळाली! दुरुस्तीला टाइम लागंल! गहिनीनाथ टँकर घिऊन दारात उभाय! होडी लगीच वापस आना! बाया लायनीत लागल्यात!"

धरण काठोकाठ भरलेलं, आणि टँकर दारात. सुंदररावांनी सवयीनं दोरीला हात घातला. मग हात तिथंच थांबला.

"आगं," ते खालच्या आवाजात म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. त्या खलाशानं शीड चढवायचं तेवढंच दाखीवलंवतं. वारा समोरून असल्यावर माघारी कसं फिरायचं ते न्हाई दाखीवलं."

केशरबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. कितीतरी वर्षांनी त्या पोट धरून हसल्या, होडी डुगडुगेपर्यंत हसल्या. मग त्यांनी शिदोरी सोडली, धपाट्याचा मोठा अर्धा नवऱ्याच्या हातावर ठेवला, आणि काठाकडं तोंड करून, रांगेतल्या बायकांवर ओरडायच्या त्याच आवाजात हाक दिली:

"टँकर हिरीत वता आज! केशर म्हायेरी आलीय म्हनावं! म्हायेरवाशीन आल्या पावली माघारी जात न्हाई!"