पानाबहाद्दरांनी मागचे चाक एकट्याने चढविले त्याची हकीकत

तमाम शेजाऱ्यापाजाऱ्यांस, आणि पाना कधी हाती न धरता सल्ला मात्र सढळ हाताने देणाऱ्या सर्व थोरांस जाहीर व्हावे की, गेल्या रविवारी मागील अंगणात पत्र्याच्या छपराखाली जे घनघोर प्रकरण गुदरले, ते जैसे घडले तैसे येथे लिहिले आहे. कोठे अधिक लिहिले असल्यास ते खुद्द पानाबहाद्दरांच्या आग्रहावरून, आणि कोठे झाकले असल्यास त्यांच्या कुटुंबाच्या भिडेस्तव, ऐसे समजून घ्यावे.

पूर्वपीठिका ऐसी. पानाबहाद्दरांचे तीर्थरूप आबासाहेब यांनी ज्या मोटारसायकलीवर तीस वर्षे दौड केली, ती त्यांच्या गुडघ्यांनी बंड पुकारल्यापासून छपराखाली उभी होती. मग पानाबहाद्दरांच्या मनात तिच्या जीर्णोद्धाराची मसलत आली, आणि बेअरिंगास ग्रीस भरण्याच्या इराद्याने त्यांनी मागचे चाक उतरविले, आणि उतरविले ते उतरविलेच. पुढल्या रविवारी चढवू म्हणता म्हणता अकरा रविवार खर्ची पडले. इकडे जावईबापूंची नजर गाडीवर होतीच. अखेर आबासाहेबांनी भर चहाच्या वेळी, सूनबाईंच्या समक्ष फर्माविले: "येत्या रविवारी पाचच्या आत चाक बसलं तर गाडी तुझी. नाही बसलं तर जावईबापू टेम्पो घेऊन येतील. मला विचारशील तर तुझ्याच्यानं काही व्हायचं नाही ते."

हे शेवटचे वाक्य पानाबहाद्दरांच्या काळजात रुतले. गाडी एक वेळ गेली तर गेली, परंतु पंचेचाळिशी गाठलेल्या मुलास बापाने ऐसे म्हणावे आणि ते खरे ठरावे, हे त्यांस सोसवणारे नव्हते. सबब त्यांनी उलट फर्मान काढिले की, कोपऱ्यावरच्या मेकॅनिकास बोलावू नये, घरातील कोणी चाकास हात लावू नये, आणि आबासाहेबांनी तर पाच वाजेतो खुर्चीत बसून चकार शब्द काढू नये. आबासाहेबांनी ते तात्काळ मान्य केले. ते इतक्या लौकर काहीच मान्य करीत नसत, हे तेव्हाच ध्यानी यावयास हवे होते.

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास खाशांची स्वारी जुना बनियन परिधान करून अंगणात दाखल जाहली, गाडी चाक उतरविल्यापासून मोठ्या स्टँडवर होतीच, आणि पाने, पक्कड, हातोडी ऐसी फौज फरशीवर मांडली गेली. आबासाहेब भिंतीकडे पाठ करून खुर्चीत विराजमान होते आणि पुढ्यातील स्टुलावर शब्दकोडे ठेवून, ते वाऱ्याने उडू नये म्हणून वर एक वजन ठेवून, शांतचित्ते कोडे सोडवीत होते.

मग पहिला हल्ला जाहला. एका हाताने चाक उचलावे, दुसऱ्याने ॲक्सलचा दांडा घुसवावा आणि तिसऱ्याने भोकास भोक जुळवावे, ऐसी त्या कामाची रीत, आणि पानाबहाद्दरांपाशी हात दोनच. चाक निसटले आणि डाव्या अंगठ्यावर कोसळले. त्या समयी त्यांच्या मुखातून जे उद्गार निघाले, ते येथे घेण्याजोगे नाहीत.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारणा आली: "अहो, एका बाजूनं मी धरू का? दोन मिनिटांचं काम आहे." त्यावर कुमक नको, ऐसा करारी जबाब गेला. "बरं, मग जेवण झाकून ठेवते," इतके बोलून खिडकी बंद जाहली.

दुसऱ्या हल्ल्यात पानाबहाद्दरांनी बुद्धी चालविली. ते फरशीवर बैठक मारून, दोन्ही पावलांनी चाक उचलून, हात मोकळे करून लढले, आणि ॲक्सल आरपार गेला. विजयाने छाती फुगली तोच भिंतीशी टेकून ठेवलेली ब्रेकची प्लेट त्यांच्या नजरेस पडली, आणि चाक पुन्हा खाली आले. तिसऱ्या हल्ल्यात प्लेट बसली, ॲक्सल शिरला, नट सर्वांग पणास लावून आवळला, आणि चाक फिरवू गेले तर ते तसूभर हलेना. तेव्हा उमगले की चाक आणि त्यास दोहों बाजूंनी धरणारा गाडीचा चिमटा यांमध्ये बसणारा स्पेसर, म्हणजे दोन बोटांचा लोखंडी नळीचा तुकडा, गैरहजर आहे, आणि चाक तिसऱ्यांदा खाली आले.

याची कुळकथा ऐसी की, अकरा रविवारांमागे सर्व भाग उतरले त्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडले होते. आणि त्याच पानावर शब्दकोडे होते. आणि आबासाहेबांनी भाग एका डब्यात ओतून कागद ताब्यात घेतला होता. डब्यात स्पेसर नव्हता. मग दुपारभर शोधमोहीम चालली. छपराखाली पाहिले, गटारात काडी घातली, आणि घरात कोणी काही जागेवर राहू देत नाही ऐसा आरोप बंद खिडकीवर करून जाहला. स्पेसर आबासाहेबांच्या कोड्यावर वजन होऊन बसला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. आबासाहेबांस ठाऊक नव्हते काय? तीस वर्षे ज्याने तो तुकडा काढला-घातला, त्यास तो ओळखावयास चष्मा लागत नाही. परंतु फर्मान होते, आणि ते इमानेइतबारे पाळले जात होते.

पावणेपाचला गल्लीच्या तोंडाशी टेम्पोचा हॉर्न वाजला. पानाबहाद्दर आडव्या चाकावर मटकन बसले आणि काळ्या हातांत तोंड झाकून घेतले. आबासाहेबांनी सकाळपासून मौज पाहिली, परंतु हे काही पाहवेना. त्यांनी स्पेसर उचलला, तशी कोडे उडून गेले, आणि काठीच्या टोकाने त्यांनी तो फरशीवरून ढकलला. तो गडगडत येऊन मुलाच्या पावलास लागला. मुलाने मान वर केली तेव्हा बाप पत्र्याकडे पाहत होता.

मग सरावाच्या जोरावर चौथा हल्ला दहा मिनिटांत तडीस गेला आणि चाक गरगरा फिरले. जावईबापू दोरखंड घेऊन अंगणात आले, फिरते चाक पाहिले, आणि चहा घेऊन आल्या पावली परतले.

त्यानंतर गाडी स्टँडवरून उतरवून विजययात्रेची तयारी जाहली. आबासाहेब हेल्मेट चढवून, कण्हत का होईना, मागे आरूढ जाहले. चौथ्या किकेस इंजिन गर्जले, गिअर पडला, क्लच सुटला, आणि गाडी जागची हलली नाही.

"पाच वाजून गेले," आबासाहेब मुलाच्या कानाशी म्हणाले, "आता बोललो तर चालेल?"

"बोला, आबा."

"चेन माझ्या खुर्चीमागं खिळ्याला आहे. तूच वाळत घातलीस. सकाळपासून तिथंच आहे."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. शर्त चाकाची होती, चेनीची नव्हती. चाक मुदतीत आणि एकट्याने चढले, ऐसे दप्तरी दाखल केले आहे, आणि 'एकट्याने' हा शब्द वाचून कुटुंबाने "असू दे" म्हटले आहे. गाडी कोठे गेली नाही, परंतु कोणाकडेही गेली नाही. चेन त्या दिवशी कोणी लावली नाही. दिवेलागणीपर्यंत आबासाहेब मागे आणि पानाबहाद्दर पुढे, असे ते उभ्या गाडीवर बसून होते.