मागचे दोन कोपरे

मी विमा कंपनीचा सर्व्हेअर आहे. ठोकलेल्या गाड्यांचे फोटो काढणं हे माझं काम, आणि चौदा वर्षांत माझ्या एकाही फोटोवर साहेबांनी बोट ठेवलेलं नाही! तेव्हा लेकीच्या शाळेतल्या नाटुकल्याचे फोटो म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

बायको नर्स. त्या दिवशी तिला ड्युटी काही केल्या बदलून मिळेना. फोनवर आवाज रडवेला झाला होता.

"एकच वाक्य आहे हो तिचं. महिनाभर घोकून घेतलंय मी. ते म्हणतानाचा चेहरा तेवढा आणा, बाकी काही नको."

"अगं, फोटो काढायचा पगार घेतो मी!"

"म्हणूनच धास्ती वाटतेय."

पडदा वर गेला आणि धास्ती मलाही वाटायला लागली. माणूस घाबरला की रोजचं तेच करत सुटतो. आमची पद्धत ठरलेली: आधी नंबर प्लेट, मग गाडीचे चार कोपरे, शेवटी नुकसान. लेक फुलपाखरू होऊन आली. मी आधी तिच्या छातीवरच्या हजेरी नंबरच्या चिठ्ठीचा फोटो काढला. अगदी स्पष्ट आला! मग पुढचा डावा कोपरा. मग उजवा, त्यासाठी एका आजोबांचे गुडघे तुडवावे लागले.

"अहो, बसा ना खाली!"

"दोनच राहिलेत, आजोबा!"

ते दोन मागचे होते. मी स्टेजमागे शिरलो. बाई "अहो पालक, अहो पालक" करत माझ्यामागे. मागच्या पडद्याच्या फटीतून कॅमेरा रोखला, तर काय! लेकीचा उजवा पंख पिनेतून निसटत चाललेला! आता तुम्हीच सांगा, चौदा वर्षांचा हात गप्प बसेल? एक जवळून, एक तिरका, आणि एक नुकसान मोजायची खिशातली पट्टी पंखाशेजारी धरून!

पडद्यातून बाहेर आलेला पट्टीवाला हात अख्ख्या सभागृहाला दिसला. हशा पिकला. पंख गळून पडला. तेवढ्या गोंधळातही पोरीने खणखणीत आवाजात म्हटलं, "मी आले, फुलांनो, आता जागे व्हा!"

मला फक्त तिची वेणी दिसली.

घरी बायकोने युनिफॉर्मही न बदलता सदतीस फोटो पाहिले. चिठ्ठी, पिन, पंख, वेणी.

"चेहरा?"

"मागून आवाज फार छान येत होता गं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचे डोळे भरून आले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लेकीने ते पाहिलं. एकच पंख लावून ती खाटेवर चढली आणि आईकडे बघत वाक्य म्हणाली. बायकोने मोबाइल उचलून एकदाच बटण दाबलं. चेहरा, हसू, पडलेल्या दाताची फट, सगळं आलं!

"बाबा," खाटेवरून उतरत लेक म्हणाली, "पुढच्या वर्षी नाटकाला आई येईल. तुम्ही तिच्या ड्युटीवर जा."