बंद खोक्यातली होल्डन

ऑस्ट्रेलियातल्या वांगारट्टा गावात माणूस जन्माला येतो तो एक तर होल्डन मोटारींचा भक्त, म्हणजे होल्डनवाला, नाही तर फोर्डवाला. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला डेस्मंड हॅलोरन हा तिसऱ्या पिढीचा होल्डनवाला. मागच्या खोलीत त्याच्या वीतभर लांबीच्या, धातूच्या एकशे बारा गाड्या होत्या, सगळ्या चित्र छापलेल्या, सीलबंद पुठ्ठ्याच्या खोक्यांत. त्यांची इवलीशी दारं खऱ्यासारखी उघडतात म्हणे. (म्हणे, कारण खोकं फोडलं की गाडीची किंमत गेली, डेसने एकही फोडलं नव्हतं.) सर्वांत वरच्या फळीवर लाल होल्डन मोनारो. एकोणीस वर्षं दर वर्षी बाथर्स्टच्या मोटार-शर्यतीला डेस आधी त्या खोक्याकडे बिअरचा ग्लास उंचावी, मग टीव्ही लावी.

त्या शनिवारी त्याने वरची फळी पुसायला काढली.

"शिडी घे, डेस," स्वयंपाकघरातून नोरीन ओरडली.

"शिडी शेडमध्ये आहे. आणि शेडवर तो मॅगपाय बसलाय."

"अडुसष्ट वर्षांचा बाप्या, पाखराला घाबरतोस?"

"घाबरत नाही. घरट्याचे दिवस आहेत, डोक्यावर झडप घालतो. त्याचा मान राखतो."

मान राखून तो टेबलापाशी असलेल्या, चाकं लावलेल्या खुर्चीवर चढला. खुर्चीला मात्र कुणाचाच मान राखायचा नव्हता. ती डावीकडे निघाली, डेस उजवीकडे, आणि आधाराला धरलेली फळी दोघांच्या मधोमध खाली आली.

नोरीन पिठाच्या हातांनी धावली. डेसचा घोटा भोपळ्यासारखा सुजत होता. तिने कुंपणावरून शेजारच्या क्लिफर्डला हाक मारली. (क्लिफर्ड फोर्डवाला. पण उचलायला दुसरं कोण?)

"पाय हलतोय का?" क्लिफर्डने विचारलं.

"पाय गेला खड्ड्यात! मोनारो बघ!"

क्लिफर्डने खोकं उचललं. सील फाटलेलं. खोकं तिरकं झालं आणि गाडी घरंगळत त्याच्या तळहातावर आली.

"डेस," क्लिफर्ड मयताला आल्यासारखा हळू म्हणाला, "ही निळी आहे."

"उजेड कमी आहे. नोरीन, पडदा सरकव."

पडदा सरकला. गाडी आणखीच निळी झाली.

"डेस, ही फोर्ड आहे रे."

कारखान्यात कुणाचा तरी हात चुकला होता. एकोणीस वर्षं डेस फोर्डच्या नावाने बिअर पीत होता! क्लिफर्ड भिंतीला टेकून खाली बसला आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. नोरीन "बिस्किटं करपली वाटतं" म्हणत आत पळाली. आतून हसण्याचाच आवाज आला. दवाखान्यात नर्सने "कसे पडलात?" विचारलं, तेव्हा उत्तर क्लिफर्डनेच दिलं. सविस्तर. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला ठाऊक झालं.

प्लास्टर घालून घरी आल्यावर डेसने गाड्या जमवणाऱ्यांच्या क्लबातल्या ॲल्विनला फोन लावला.

"चुकीची गाडी?" ॲल्विन किंचाळला. "अरे, लाखात एक! सोनं आहे सोनं! सील शाबूत आहे ना?"

"सील फाटलं म्हणून तर कळलं!"

"हात्तिच्या! मग काही अर्थ नाही," म्हणून ॲल्विनने फोन ठेवला.

चौथ्या दिवशी डेसने ठरवलं, ही ब्याद क्लिफर्डला देऊन टाकायची. नोरीन बाजारात गेली होती. गाडी देण्याआधी त्याने सहज, अगदी सहज, तिचं दार नखाने ओढलं. टक्. उघडलं. लावलं. पुन्हा उघडलं. एवढ्या वर्षांत त्याने हातात घेतलेली ही पहिलीच गाडी! चाकं फिरतात का बघावं म्हणून त्याने ती प्लास्टरवर ठेवली आणि अंगठ्यापासून गुडघ्याकडे नेली. तोंडातून आपोआप "ढुर्रर्र" निघालं.

"गिअर बदल रे, गिअर!" खिडकीतून क्लिफर्ड ओरडला. तो किती वेळ तिथे उभा होता देव जाणे. "गुडघ्यापाशी चढ आहे!"

डेस लाल झाला. गाडी उशीखाली लपवावी, क्लिफर्डला हाकलून द्यावं, असं बरंच काही त्याच्या मनात आलं. पण चढ खरंच होता. तिसऱ्या पिढीच्या होल्डनवाल्याने आजोबांची मनोमन माफी मागितली आणि गिअर बदलला.